अळणी नको, पण मीठ कमी

मीठ कमी करा, हे सांगायला डॉक्टरांना एक वाक्य पुरलं. घरात ते अमलात आणायला आम्हाला सगळा स्वयंपाक नव्याने बसवावा लागला. तो कसा बसवला ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण रक्तदाबाचं माणूस आज कितीतरी घरांत आहे, आणि पथ्य म्हणून त्याच्या ताटात जे पडतं ते बघून मला वाईट वाटतं. उकडलेली भाजी, पांढरट वरण, कोरडी पोळी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रोज असं जेवण वाढलं तर एक तर त्याचं खाणं तुटतं, नाही तर तो कुणाचं लक्ष नसताना लोणच्याच्या बरणीत चमचा घालतो.

आम्ही साताऱ्याचे. घरात पाच माणसं: सासरे, सासूबाई, आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी मुलगी. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आत्यांचा उजवा खांदा धरला तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे आला, पण हात माझा असला तरी चव त्यांचीच आहे. उडदाचं घुटं, वाघ्या घेवड्याची आमटी, पिठलं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळ्याच्या मुळाशी घरचा कांदा-लसूण मसाला. हे सोडून दुसरं काही शिजवायचं नाही, यातलंच मीठ उतरवायचं, हे मी पहिल्यांदा ठरवलं. दुसरी गोष्ट आत्यांनी ठरवली. मामांचं वेगळं पातेलं मांडायचं नाही, जे शिजेल ते पाचांनीही खायचं. "त्यांचं एकट्याचं अळणी केलंस तर ते आजारी असल्यागत जेवतील," असं त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

सुरुवात मोजण्यापासून केली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळंच आलं. रोज चमचे मोजत बसणं नोकरी सांभाळून जमण्यासारखं नाही, म्हणून मी पिशवीचा हिशेब धरला. पाच माणसांचे दिवसाला २५ ग्रॅम, तेव्हा एक किलोची पिशवी निदान ४० दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाकायची, बस्स. आमची पिशवी महिनाही काढत नव्हती. शिवाय लोणचं, पापड, मसाला, फरसाण, ब्रेड यांतलं मीठ या पिशवीतून येतच नाही, ते वरचं. हा हिशेब ज्याला त्याला करून बघण्यासारखा आहे, कारण "आमच्याकडे मीठ कमीच असतं" असं प्रत्येक घर सांगतं.

मग एकेक जागा शोधत गेले. कणकेतलं मीठ बंद केलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. भातातलं बंद केलं, तेही आमटीखाली झाकलं गेलं. ताकाला मिठाऐवजी भाजलेलं जिरं आणि पुदिना. कोशिंबिरीत मीठ घातलं की काकडीला पाणी सुटतं आणि वाटीच्या तळाशी खारट पाणी उरतं, म्हणून तिथं कूट, लिंबू, मिरची, आणि मीठ अगदी ताटात वाढताना चिमूटभर. या सगळ्यात त्रास असा काहीच नव्हता. रात्री चपातीऐवजी पुन्हा भाकरी सुरू केली, तिच्यात तर आमच्याकडे मीठ कधीच नसतं. फक्त पीठ ताजं हवं. ज्वारी दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. तसं झालं तर पाण्याला आधण आणून पिठाची थोडी उकड काढून घ्यायची आणि ती बाकीच्या पिठात मळायची, की भाकरी चिरत नाही. पण मी आता पंधरा दिवसांचंच पीठ दळून आणते.

खरं काम मसाल्यात होतं.

आमच्याकडे वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये होतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, धणे, तीळ, सुकं खोबरं, खडा मसाला, तळलेला कांदा, लसूण, आणि किलोभर मिरचीला अर्धा किलो खडे मीठ. सगळं मिळून जे तयार होतं त्याचा सातवा-आठवा हिस्सा निव्वळ मीठ असतं. भाजीत मी वरून मीठ निम्मं केलं तरी मसाल्याचे दोन चमचे पडले की त्यातून ते पुन्हा येतंच, आणि मसाला कमी केला तर भाजी आमची राहत नाही. तेव्हा मसाल्यातूनच मीठ काढायला हवं होतं.

पण ते मीठ तिथं नुसतं चवीला नसतं. कांदा आणि लसूण ओले. तळलेल्या कांद्यात थोडा ओलावा राहतो, लसणात तर भरपूर, आणि मीठ तो ओलावा धरून ठेवतं, म्हणून मसाल्याला बुरशी येत नाही. डंकवाल्या दादांना मी विचारलं तेव्हा मान हलवून म्हणाले, "ताई, बिनमिठाचा मसाला वर्ष काढायचा न्हाय." म्हणून मी वर्षाचं गणितच सोडून दिलं. आता डंकावर नेते ती फक्त कोरडी बाजू: उन्हात कडकडीत वाळवून थोड्या तेलावर परतलेली मिरची, धणे, खडा मसाला, हळकुंड. त्यात मीठ नाही, कांदा-लसूण नाही, खोबरं-तीळसुद्धा नाहीत, कारण त्यांना तेल असतं आणि ते खवट होतात. हे कोरडं पीठ बरणीत घट्ट दाबून ठेवलं की वर्षभर छान राहतं. मग दर पंधरा-वीस दिवसांनी लागेल तेवढाच ओला भाग करायचा. कांदा उभा पातळ चिरून दिवसभर उन्हात टाकायचा, मंद आचेवर तळायचा, अगदी बोटात चुरला जाईल इतका. खोबरं आणि तीळ भाजून घ्यायचे. सोललेला लसूण शेवटी घालून मिक्सरमध्ये हे सगळं एकत्र फिरवायचं, त्यात कोरडं पीठ मिसळायचं आणि डबा फ्रीजमध्ये. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा कांदा तळायला वेळ जास्त लागतो, इतकंच. एका रविवारचं दीड तासाचं काम आहे.

यात मला न मागता एक फायदा झाला. ताज्या लसणाचा आणि नुकत्या भाजलेल्या खोबऱ्याचा वास वर्षाच्या मसाल्यात डिसेंबरपर्यंत मंदावतो, तो आता बारा महिने तसाच लागतो. वास भरपूर असला की जिभेला मीठ कमी पुरतं. आत्यांनी डबा उघडून नाकाशी धरला आणि झाकण लावताना म्हणाल्या, "आगं, हा तर नव्या मसाल्याचा वास."

आता घुटं. साताऱ्या-कऱ्हाडाकडच्या माणसाला घुट्याबद्दल सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: सालाची उडदाची डाळ किंचित भाजून, धुऊन, मऊ शिजवून रवीने घोटायची. हिरवी मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर आणि थोडं सुकं खोबरं यांचं वाटण लावायचं, वर फोडणी, आणि भाकरी कुस्करून खायचं. उडदाला चिकटपणा असतो, घुटं दाट होतं, आणि दाट पदार्थात मीठ लपतं. त्याच पातेल्यात पातळ आमटीपेक्षा जास्त मीठ घालावं लागतं तेव्हा कुठं ते लागतं. मीठ कमी करून घुटं तसंच केलं तर ते तोंडात नुसतं गुळगुळीत वाटायचं. पातळ करून बघितलं. मामांनी दोन घास घेतले आणि म्हणाले, "पोरी, आमटी चांगली झालीय. घुटं कधी करणार?"

मग उलट बाजूने विचार केला. मीठ डाळीत शिजवायचंच नाही. डाळ बिनमिठाची दाट घोटायची, आणि पूर्वीच्या निम्मं मीठ वाटणात घालून पाट्यावर वाटायचं. गॅस बंद केल्यावर हे वाटण डाळीत टाकायचं, पण एकजीव करायचं नाही, डाव दोनदा फिरवून सोडून द्यायचं. म्हणजे एखाद्या घासाला मिरची-मिठाचा ठसका लागतो, पुढचा घास सौम्य, परत ठसका. मीठ सगळीकडे सारखं पसरलं की जीभ त्याची दखल घेणं सोडते, मध्येमध्ये लागलं तर थोडंसुद्धा पुरतं. त्यावर लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या तुपात अगदी बदामी करून ती फोडणी ताटात वाढल्यावर प्रत्येकाच्या घुट्यावर वेगळी ओतायची. नवं घुटं पहिल्यांदा असं वाढलं तेव्हा मामांनी काही न बोलता दुसरी भाकरी मागितली. आता आमच्याकडे पिठलंही असंच होतं, मीठ फोडणीत नाही, शेवटी वरून घालायच्या ठेच्यात.

वाघ्या घेवडा आत्यांच्या माहेरचा, कोरेगाव तालुक्यातला. तांबूस दाण्यावर गडद पट्टे, त्यावरूनच त्याचं नाव. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात त्याला मान त्याआधीपासून आहे. भाचा दरवर्षी पिशवी आणून देतो. हा राजम्याच्या जातीचा दाणा, रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं आणि कुकरला पूर्ण शिजवायचा. कच्चट राहिला तर पोटाला बाधतो. मीठ कमी करायचं म्हटल्यावर चव आणायला आंबट वाढवणं सगळ्यात सोपं, पण चिंच आधी घातली की दाणा दडस राहतो, कितीही शिट्ट्या काढा. दाणा बोटांनी सहज चुरला गेला की मगच चिंचेचा कोळ. आमसुलाबाबत एक सांगते: बाजारातलं आमसूल बहुतेक वेळा मीठ लावून वाळवलेलं असतं. ते घालायचं तर वरचं मीठ त्या हिशेबाने कमी करायचं, नाही तर सरळ चिंच.

घेवड्याच्या आमटीला मी दोन गोष्टी वाढवल्या. कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट गॅसच्या जाळावर भाजायची, कांदा वरून काळा पडेपर्यंत. वरची काजळी झटकायची पण धुवायची नाही. आणि शिजलेल्या दाण्यांचा एक डाव भरून बाजूला काढून ते कुस्करून रश्शात परत घालायचे. मीठ कमी असलं की रस्सा पाणचट लागतो आणि दाणा वेगळा लागतो, कुस्करलेला दाणा त्या दोघांना बांधतो. हा पदार्थ पूर्वीपेक्षा चांगला होतो असं मी खात्रीने म्हणते, आणि आत्या त्याला हरकत घेत नाहीत.

सगळंच असं जमलं नाही. कडू भाज्यांनी फार दमवलं. मीठ कडूपणा दाबून टाकतं, ते काढलं की मेथी जास्त मेथी होते आणि कारलं जास्त कारलं. त्यात कारल्याच्या चकत्या मीठ चोळून पिळायची आमची रीत, आणि कितीही पिळलं तरी त्यातलं बरंच मीठ भाजीतच राहतं. आता चकत्या आंबट ताकात तासभर बुडवून ठेवते, ते ताक टाकून देते, आणि भरपूर कांद्यावर परतून गूळ आणि दाण्याचं कूट घालते. मेथीला मूगडाळ आणि दुप्पट लसूण. मेथी बसली. कारलं मुलगी अजून खात नाही, पण ती आधीही खात नव्हती.

मीठ एकदम निम्मं करू नये, हेही सांगायला हवं. आम्ही दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत गेलो. जिभेला नव्या चवीची सवय लागायला काही आठवडे जातातच, तेवढा काळ जेवणारे कुरकुरणार आणि ते ऐकून घ्यायचं. ताटात कोपऱ्यात मीठ वाढायची पद्धत मात्र लगेच बंद केली, त्या जागी लिंबाची फोड आली. आमचे हे सुरुवातीला मीठदाणी मागायचे. महिना-दीड महिन्यानंतर एका लग्नात जेवून आले आणि म्हणाले, "भाजी खारट होती." भाजी नेहमीसारखीच होती, शेजारी बसलेल्या कुणालाही ती खारट लागली नाही.

याच काळात घरी येणाऱ्या प्रत्येकाने एक उपाय सांगितला. सगळ्यात जास्त वेळा ऐकला तो सैंधवाचा. सैंधव चवीला मला आवडतं, उपवासाला वापरतेही, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. नाव बदललं म्हणून रक्तदाबाला फरक पडत नाही. खडे मीठ चमच्यात कमी बसतं, म्हणून चमच्याने मोजलं तर कमी पडतं, तेवढाच काय तो लाभ. दुसरा सल्ला कमी सोडियमच्या मिठाचा. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर शरीरात पोटॅशियम वाढून ते धोक्याचं होऊ शकतं. आम्ही आणायच्या आधी मामांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी नको म्हटलं. कुणीही हे मीठ न विचारता आणू नये, हे मला कळकळीने सांगायचंय. आणि गोळ्यांचंही तसंच. जेवण सुधारलं म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नसते. मामांच्या गोळ्या डॉक्टर सांगतात तशाच चालू आहेत.

बाहेरच्या पदार्थांचं काम मुलीने अंगावर घेतलं. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. दिवसाचं ५ ग्रॅम मीठ म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. तिने फरसाण, बिस्किटं, ब्रेड, नूडल्स, सगळ्यांचे आकडे एका कागदावर उतरवून फ्रीजच्या दारावर लावले. खारट न लागणाऱ्या ब्रेडमध्येसुद्धा मीठ असतं, हे बघून तिलाच धक्का बसला. आता संध्याकाळच्या चहाबरोबर भाजलेले शेंगदाणे, नाही तर घरी परतलेले चुरमुरे: लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट, आणि मीठ परतताना नाही, खाली उतरवल्यावर बारीक करून वरून भुरभुरायचं. असं वर बसलेलं मीठ थेट जिभेला भेटतं, म्हणून चिमटीभर पुरतं. शेंगदाण्याच्या चटणीलाही हेच लागू पडलं.

लोणच्याशी मात्र मी झगडले नाही. कैरीच्या वर्षाच्या लोणच्यातलं मीठ कमी केलं तर ते नासतं, तिथं प्रयोग करूच नये. ती बरणी आता लहान झाली आहे आणि पाहुण्यांसाठी उघडते. रोजच्यासाठी तात्पुरती लोणची. राजवाड्याजवळच्या मंडईत जे दिसेल ते: कैरीच्या दिवसांत किसलेल्या कैरीचा तक्कू, थंडीत गाजर-मुळा, जानेवारीत ओली हळद आणि आलं लिंबाच्या रसात. मोहरीची डाळ पाण्यात चांगली फेसून घातली की नाकात जाणारा झणका येतो आणि मीठ चिमटीवर भागतं. काचेच्या वाटीत, फ्रीजमध्ये, चार दिवसांत संपवायचं.

राहता राहिला पापड. उडदाच्या पापडात मीठ असतंच, पण पापडखारातही सोडियमच असतं, आणि त्याच्याशिवाय पापड फुलत नाही. त्यामुळे या उन्हाळ्यात आत्या ज्वारीच्या पापड्या घालायला शिकवणार आहेत. त्यांना पापडखार लागत नाही. ज्वारीचं पीठ तीळ-जिरं घालून शिजवायचं आणि गच्चीवर प्लास्टिकवर पळीने ओतून वाळवायचं. आत्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय की शिजलेल्या पिठाची चव घेताना ते अळणी लागलं पाहिजे, कारण पाणी उडून पापडी वाळली की तेवढंच मीठ तिच्यात गच्च होतं. तेव्हा पूर्वीच्या निम्म्यावर सुरुवात करायची, पहिल्या घाण्याची एक पापडी वाळवून, भाजून मामांना द्यायची, आणि मगच बाकीचं पीठ चुलीवर चढवायचं, असं ठरलंय.